ड्रेसिंगआधीची दहा मिनिटं

चिंचवडच्या एका हॉस्पिटलात मी सर्जिकल वॉर्डची सिस्टर. त्या उन्हाळ्यात आकुर्डीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एक मॅडम घड्याळासारखे पट्टे घेऊन आल्या. पट्टा मनगटावर बांधायचा. हाताच्या हालचालींवरून कॉम्प्युटर ओळखणार, सिस्टर बीपी घेतायत, सलाईन लावतायत की पेशंटची कूस बदलतायत. त्याला शिकवायचं म्हणून आमच्यातलीच एक जण मोबाइलवर प्रत्येक कामाची नोंद करत मागून फिरायची. पुढे नोंदी आपोआप होतील, तुमचा लिहिण्याचा वेळ वाचेल, असं मॅडम सांगायच्या. आम्हाला मात्र तो आमच्यावरचा पहारा वाटायचा.

तेव्हा चाकणच्या कारखान्यातले एक कामगार वॉर्डात होते. प्रेस मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. ड्रेसिंगचा ट्रे दिसला की ते हात मागे घ्यायचे, आणि ड्रेसिंग होईपर्यंत ओरडायचे. एका सकाळी त्यांनी विचारलं, "सिस्टर, आता मला कामावर कोण घेनार?"

मी ट्रे बाजूला ठेवला, त्यांचा चांगला हात धरला आणि स्टुलावर बसून राहिले. दहाएक मिनिटांनी तेच म्हणाले, "करा आता. हाय मी तयार." त्या दिवशी पहिल्यांदाच ते ओरडले नाहीत.

दुपारी मॅडमनी स्क्रीन दाखवला. त्या सकाळी माझ्यामागे नोंद करणारी कुणी नव्हती; त्या दहा मिनिटांपुढे कॉम्प्युटरने आपल्या मनाने लिहिलं होतं, 'विश्रांती'.

"मी आराम करत नव्हते, मॅडम." माझा आवाज चढलाच. मग घडलेलं सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हात हलत नव्हता, म्हणून कॉम्प्युटरला तसं वाटलं. पण चूक आमची आहे. आमच्या यादीत हे कामच नव्हतं."

पुढचा आठवडाभर त्या स्वतः वॉर्डात बसल्या. यादीत 'धीर देणे' आलं. सिस्टर कुठल्या खाटेजवळ आहे हे कळावं म्हणून खाटांना पट्टा ओळखणारी छोटी यंत्रं लावली. सुरुवातीला वारंवार चुकायचं. मग हळूहळू जमायला लागलं, सगळ्याच वेळी नाही.

ते कामगार घरी गेले. पुढे टाके दाखवायला आले तेव्हा कंपनीने त्यांना मालाच्या तपासणीच्या कामावर घेतलं होतं.

कुठल्या कामात किती वेळ गेला याचा महिन्याचा तक्ता मॅडमनी मेट्रनबाईंसमोर ठेवला. बाईंनी 'धीर देणे'च्या रकान्यावर बोट ठेवलं. "एवढा वेळ जातो यात? मला कुणी बोललं नाही कधी," म्हणाल्या. सोमवारपासून सकाळच्या ड्रेसिंगला त्यांनी एक सिस्टर जादा दिली.