तात्यांची घंटी आणि माझा सूड

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेली छत्तीस वर्षे जपून ठेवलेला माझा सूड गेल्या महिन्यात ग्वाल्हेर मुक्कामी पार पडला. ज्यांच्यावर उगवायचा ते तात्या हजर नव्हते. शोकसभा त्यांचीच होती.

तात्या गेल्याचं कळलं तेव्हा मी पडाव भागातल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकाचं माप घेत होतो. मंडळाच्या चिटणिसाचा फोन. "तात्या नहीं रहे, दादा. रविवारी पाचला सभा, याल ना?" म्हटलं, येईन. इतक्या तत्परतेनं मी आजवर कुठल्याच सभेला होकार दिला नव्हता.

तात्या आमचे संस्कृतचे मास्तर आणि लष्कर भागातल्या आमच्या मराठी मंडळाचे तहहयात सूत्रधार. 'यश' या शब्दावर त्यांचा जीव. दर वर्षी गुणवंतांच्या सत्कारात तेच भाषण... "जुन्या भाषेत यश म्हणजे तेज, कीर्ती. व्याकरणवाले म्हणतात, मूळ धातू अश्, म्हणजे व्यापणं, पसरणं. इथली हिंदी अजून कीर्तीलाच यश म्हणते. आपण मराठी माणसांनी त्याला मार्कशीटवर नेऊन बसवलं. सफलतेतलं फळ स्वतः खाता येतं, बाळांनो. यश दुसऱ्याच्याच तोंडून पसरावं लागतं." यातूनच त्यांनी मंडळात नियम घातला, की सत्कारमूर्तीनं स्वतःबद्दल चकार शब्द काढायचा नाही, सभेतल्या कुणीतरी उठून त्याच्याबद्दल बोलायचं. दोन मिनिटं झाली की तात्या टेबलावरची पितळी घंटी वाजवत. कुणी उठलंच नाही, तर सत्काराचा नारळ नाही.

अकरावीत मी वक्तृत्वात पहिला आलो. आई ठेवणीतलं पातळ नेसून कंपू मोहल्ल्यातल्या घरून चालत आली होती. तात्यांनी विचारलं, "याच्याबद्दल कोण बोलणार?" तोवर सभेतल्या झाडून सगळ्यांच्या नकला मी करून चुकलो होतो, तेव्हा कोण उठणार... आई उठायला लागली, तर म्हणाले, "घरचे चालत नाहीत, वहिनी." नारळ परत पोत्यात गेला. आई पदर सावरून परत खाली बसली. मी मात्र तिथंच ठरवलं, या माणसाच्या सभेत शेवटचा शब्द माझा.

आणि रविवारी ताट वाढूनच आलं. अध्यक्षांनी विचारलं, "तात्यांबद्दल कोण बोलणार?" ...कुणी उठेना. प्रत्येकाला कधी ना कधी ती घंटी खावी लागली होती. आता ती हार घातलेल्या फोटोपुढे गप्प बसली होती. ती शांतता मी खडीसाखरेसारखी जिभेवर घोळवली. तिथंच थांबलो असतो, तर सूड पुरा होता. पण मला नारळाचा किस्सा सांगायचा होता. उठलो. आईचं पातळ, पोतं, तात्यांचा हट्ट, सगळं नकलेसकट सांगितलं. घंटी वाजवायला कुणी नव्हतं, म्हणून वीस मिनिटं बोललो. लोक आधी दचकले, मग हसले, मग डोळे पुसत हसले. मागून एक जण उठला, "मेरा भी सुन लो." मग सराफ्यातले एक आजोबा, मग चौघं एकदम. ज्या माणसाबद्दल बोलायला कुणी उठत नव्हतं, त्याच्याबद्दल अख्खी सभा बोलत होती, आणि मी पुन्हा माइक ओढून घेत होतो.

तेव्हा पहिल्या रांगेतून तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, उठल्या. फोटोपुढची घंटी उचलून त्यांनी दणादण वाजवली, आणि माझ्याकडे बघून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बस कर मेल्या, अजून किती यश देणारेस ह्यांना?"