पोरीच्या मालिशचं तेल माझ्या रोटीवर

आई, माझ्या पोरीला चोळायला खुरासणीचं तेल बास झालं, जैतुनाचं महागाचं कशाला, हे तू परत कळवलंस. आज हितं मस्कतला काय झालं ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

कामगारांच्या खानावळीत मी भांडी घासतो. दुपारी आमच्या लेबनानी आचाऱ्यानं माझ्या रोटीवर जैतुनाचं तेल ओतलं, तेही कच्चं.

मी ओरडलो, "चाचा, हे तर बाळाला चोळायचं तेल!"

सगळे हसले. चाचा मोडक्या हिंदीत म्हणाला, "अरे वेड्या, पहिल्या घाण्याचं आहे. तापवू नको, जेवणावर वरून घे. काळजाला चांगलं."

चवीला कडवट लागलं, घशाला झोंबलं. पण पौडला औषधाच्या दुकानात ज्याची एवढीशी डबी मिळते, ती पोरीसाठी घेताना तुमचा हात आखडतो, आणि हितं मी तेच रोटीला लावून खातोय.

जेवल्यावर हात धुतले न्हाईत. तेलकट तळवे एकमेकांवर चोळत एकटाच बसलो. मी हितं आल्यावर पोर झाली, अजून बघितली न्हाई. अंग चोळताना ती रडती का हसती, तेवढं कुणीतरी लिहा.

डबीचे वीस धरून पाचशे वीस रुपये पाठवतोय.