एका फेरीला एक वर्ष

आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेणारा मी पहिला. वडील चिपळूणकडचे गवंडी. ओमानमधल्या इब्रा गावच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागलो, तेव्हा पदवीची फ्रेम भिंतीवर मी स्वतः खिळा ठोकून लावली.

ब्राझीलमध्ये वर्ल्डकप होता, त्या २०१४ सालची गोष्ट. सत्तरी ओलांडलेला एक ओमानी म्हातारा माझ्याकडे आला. उजवा गुडघा बदललेला. महिन्याभरात चालता झाला नसता तर गुडघा आखडून कायमचा खुर्चीला खिळला असता. पण उठायचं नाव घेईना. हिंदी फर्डी बोलायचा. म्हणायचा, "तू डॉक्टर कसला, गुडघ्याचा मिस्त्री."

चौथ्या दिवशी टीव्हीवर ब्राझीलची मॅच लागली आणि तो बोलता झाला. तरुणपणी कुवेतला एका क्लबच्या मैदानावर तो चुन्याच्या रेघा मारायचा. तिथे ब्राझीलहून एक कोच आलेला. पन्नासच्या दशकात देशाकडून खेळलेला माणूस. दुपारी सावलीत बसून मोडक्यातोडक्या अरबीत तो याला आपलं आयुष्य सांगायचा. कातडं कमावायच्या कारखान्यात नोकरी, कारखान्याच्याच टीममध्ये खेळ, पहिले बूट उसने, मग मोठ्या शहरातला क्लब, मग देशाची जर्सी.

सांगण्याच्या भरात म्हातारा उभा राहिला. पास कसा द्यायचा ते दाखवायला वॉकर सोडून दोन पावलं टाकली. मी नुसती पावलं मोजली. दुसऱ्या दिवसापासून हाच व्यायाम: कॉरिडॉरची एक फेरी, खेळाडूच्या आयुष्यातलं एक वर्ष.

पुढे माझं शिक्षण मला नडलं. मी इंटरनेटवर त्या खेळाडूला शोधून काढलं. म्हातारा त्याच्या वर्ल्डकपच्या तयारीपर्यंत आला, तसं मी मध्येच सांगून टाकलं की बाबा, तो वर्ल्डकप खेळलाच नाही. गुडघा गेला, घरी धाडलं, म्हातारपणी तर चालणंही बंद झालं. माझी अपेक्षा, मला शाबासकी मिळेल.

"खलास," एवढंच म्हणून तो बसला, तो दोन दिवस उठलाच नाही. सोबत येणारा त्याचा मुलगा माझ्याकडे नुसता बघत राहायचा.

चुकलेली भिंत पाडून पुन्हा बांधताना वडिलांना मी कधी लाजलेलं पाहिलं नाही. मला मात्र माफी मागायला तिसरा दिवस उजाडला. स्टूल ओढून समोर बसलो आणि चुकलो म्हणालो.

तो म्हणाला, "त्याचा गुडघा गेला, हे मला तुझा मोबाईल सांगणार? हाताला धरून मैदानावर मीच आणायचो त्याला. गोष्टीत मी अजून तिथवर पोचलो नव्हतो."

"मग घरी धाडल्यावर काय केलं त्यानं?" हे मला खरंच माहीत नव्हतं.

"ते बसून सांगता येत नाही," म्हणाला आणि वॉकरकडे हात केला.

खेळाडू गावी परतला. वर्षभर घराबाहेर पडला नाही. मग लंगडत मैदानावर गेला, कारखान्यातल्या पोरांना शिकवू लागला. म्हातारा दर वर्षाला नेमानं एक फेरी मारत होता, अंगातला पायघोळ झगा, दिशदाशा, घामानं पाठीला चिकटलेली. खेळाडू कुवेतला पोचायला अजून सात वर्षं होती. कॉरिडॉरच्या टोकाला या वेळी तो वळला नाही. मुलाला म्हणाला, बाहेरचं दार उघड.