आत्याच्या हातचा द्राक्षरस

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. आईवडील निमोण्याला दुसऱ्यांच्या रानात कांदा लावायला आणि काढायला जायचे. मी पाचवीत गेलो तेव्हा आत्याने मला शिरूरला आणलं. ती तिथे मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, आणि देवळाच्या मागे राहायला एक खोली. आम्ही ख्रिस्ती लोक आमच्या चर्चला देऊळच म्हणतो.

आत्याची शाळा चौथीपर्यंत झालेली, पण तिचं अक्षर सुरेख होतं. माझं फार वाईट. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, वचनं तोंडपाठ म्हणायची आणि मी ती वहीत लिहायचो. तव्यावरची भाकरी उलटून झाली की ती वाकून वही बघायची. "वाचणाऱ्याला डोळं बारीक कराया लागू नये," एवढंच म्हणायची आणि ते पान पुन्हा लिहायला लावायची.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे देवळाला येणाऱ्या ख्रिस्ती समाजात, प्रभुभोजन असायचं. येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस सगळ्यांना देतात. त्याची तयारी आत्याकडे होती. शुक्रवारी रात्री ती काळ्या मनुका धुऊन भिजत घालायची. शनिवारी सकाळी मंद आचेवर उकळायची, गार झाल्यावर हाताने कुस्करायची आणि पांढऱ्या मलमलीतून गाळायची. अंगठ्याएवढे काचेचे पेले गरम पाण्यातून काढून उन्हात पालथे घालायची. टेबलावरचं पांढरं कापड तीच धुवायची, तीच इस्त्री करायची.

मग शनिवारी दुपारी देवळात कोणी नसताना ती एक गोष्ट करायची. पेले ट्रेमध्ये मांडून तो ट्रे दोन्ही हातांत धरायची आणि सतरंज्यांच्या मधल्या वाटेने हळूहळू चालायची. प्रत्येक रांगेपाशी थोडं थांबायची, किंचित वाकायची आणि पुढे जायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पेलं डगमगत्यात का बघतीया." मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

रविवारी मात्र ट्रे तिच्या हातात नसायचा. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रार्थना करायचे आणि मंडळीचे वडील, म्हणजे कारभारासाठी निवडलेले चार पुरुष, पांढरे सदरे घालून पुढे यायचे. ते ट्रे उचलायचे आणि रांगेरांगेतून वाटायचे. आत्या डाव्या बाजूला, बायकांच्या सतरंजीवर बसलेली असायची. वडील समोर आले की ती डोक्यावरचा पदर सावरायची, दोन्ही हात पुढे करायची आणि तिनेच गाळलेला रस त्यांच्या हातून घ्यायची. तयारी बायकांची आणि वाटप पुरुषांचं, हे कोणी कधी ठरवलं होतं, कुणालाच माहीत नव्हतं. पुरुष उजवीकडे आणि बायका डावीकडे बसतात, तसंच ते होतं.

मी शिरूरच्याच कॉलेजात बी.ए. झालो. निकालाच्या दिवशी आत्याने वसतिगृहातल्या सगळ्या मुलींना शिरा केला. त्यानंतर मला जवळच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये काम मिळालं आणि त्याच वर्षी मंडळीने मला वडील म्हणून निवडलं. वयाने मी सगळ्यांत लहान होतो. शिकलेला आणि अक्षर चांगलं, म्हणून सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या रविवारी मी पांढरा सदरा घालून ट्रे उचलला. बायकांच्या बाजूला आत्यासमोर आलो तेव्हा तिने नेहमीसारखेच दोन्ही हात पुढे केले. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, आनंदाने. आनंद होताच, पण तेवढाच नव्हता असं आता वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात आत्याला टायफॉइड झाला आणि ती दवाखान्यात होती. पहिला रविवार तोंडावर आला. महिला मंडळाच्या बायका तयारी करायला राजी होत्या, पण आमच्यातले एक वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले होते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. ते म्हणाले, मनुका उकळायच्या, त्यात काय हाय, पलटणीत मी पन्नास जणांचा चहा केलाय. आम्ही चौघे पुरुष कामाला लागलो. आबांनी घरून लग्नातलं मोठं पितळी पातेलं आणलं. मनुका त्यात भिजवल्या, त्यातच उकळल्या आणि रस रात्रभर त्यातच ठेवला. पातेल्याची कल्हई कधीच गेलेली होती. ती बघायची असते, हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

रविवारी रस कळकला होता. कडू, तुरट, जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखा. पण प्रभुभोजन थुंकायचं कसं आणि तोंड वाकडं करायचं कसं? सगळ्या मंडळीने डोळे मिटून तो घोट गिळला. त्या दिवशी डोळे मिटून केलेल्या प्रार्थना फार लांबल्या. दोघातिघांना मळमळलंही. बाहेर पडल्यावर आबांच्या बायकोने सगळ्यांसमोर विचारलं, "आवं, पलटणीत कल्हई बघत न्हवती का कुणी?" आबा खाली वाकले. चपला शोधत राहिले.

त्यावर बरेच दिवस हसणं चाललं, आणि त्या हसण्यातूनच एक खरा प्रश्न निघाला. मंडळीतली एक तरुण नर्स महिला मंडळाच्या वतीने वडिलांच्या सभेला आली आणि तिने शांतपणे विचारलं, ज्यांच्या हातांनी हे तयार होतं त्यांनी ते वाटलं तर काय हरकत आहे? तिने दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही. म्हणाली, सुरुवात आत्यांपासून करू.

ती गेल्यावर सभा सुरू झाली. आज ट्रे दिला तर उद्या उपदेश करायला उभ्या राहतील, असं एक वडील म्हणाले. दुसऱ्यांनी खाली बघत बायकांच्या अडचणीच्या दिवसांचा विषय काढला. आबांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. पाळकसाहेब भले माणूस होते, त्यांना कोणालाच दुखवायचं नव्हतं. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही म्हणाल तसं करू."

माझ्या एका शब्दावर ते ठरणार होतं. तेव्हाही मला ते कळत होतं. तरी मी म्हणालो, "लोकांची मनं अजून तयार नाहीत. काही वर्षं थांबावं."

मला कोणाचा राग घ्यायचा नव्हता. चार मोठी माणसं मला बरोबरीने बसवत होती, ते गमवायचं नव्हतं. दुसरं कारण शोधत बसत नाही.

त्याच वेळी दारात आत्या उभी होती. आजारातून उठून तिला पंधराच दिवस झाले होते. सभेला चहा द्यायचं काम तिचंच होतं. तिच्या हातात ट्रे होता, ट्रेमध्ये कप. ती आत आली, प्रत्येकासमोर थोडी थांबली, किंचित वाकली आणि पुढे गेली. सगळ्यांनी चहा घेतला. मीही घेतला. मग मी वही उघडली आणि ठराव लिहिला.

रात्री तिने मला वाढलं. पिठलं, भाकरी आणि कांदा. तवा उतरवून ती समोर बसली. मग विचारलं, "लिव्हलंस का समदं?"

मी हो म्हणालो.

"अक्षर नीट आलं का?"

मी मान हलवली. ती उठली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकून गेली. त्यानंतर त्या विषयावर तिने एक शब्द काढला नाही. आजारपण सरल्यावर पुढचा पहिला रविवार आला, तेव्हा रस पुन्हा पूर्वीसारखा गोड झाला होता.

वर्षभराने मला दौंडला एका शाळेत लिपिकाची नोकरी लागली. रेल्वे कॉलनीच्या जवळ मी खोली घेतली आणि तिथल्या मंडळीत जाऊ लागलो. तिथली बहुतेक माणसं रेल्वेतली. पहिल्याच प्रभुभोजनाला ट्रे घेऊन माझ्यासमोर एक बाई आल्या. त्या रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या. ड्युटीवर जायचं असल्यामुळे पांढरा शर्ट आणि काळा कोट घालूनच आल्या होत्या. माझा हात पुढे होईना. त्या थोडा वेळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "घ्या भाऊ. इथं तिकीट लागत नाही." शेजारचा गालात हसला. मी पेला उचलला. रस चांगला होता, पण आत्याच्या रसासारखा नव्हता. आजूबाजूला पाहिलं तर कोणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं. लोकांची मनं तयार होण्यासाठी इथे कोणी वर्षं मोजलेली दिसत नव्हती. वाटता वाटता ती तयार झाली होती.

हे मी आत्याला सांगायला हवं होतं. सुट्टीला न्हावऱ्यावरून एसटीने शिरूरला जायचो, तिच्या हातचं जेवायचो, औषधं आणून द्यायचो, पण ते बोलणं राहून जायचं. आठ वर्षं राहून गेलं.

गेल्या पावसाळ्यात शिरूरच्या मंडळीत नवीन पाळक आल्या. तरुण बाई आहेत. लोक त्यांना मॅडम म्हणतात. दिवाळीनंतर त्यांचा मला फोन आला. सांगत होत्या, जुना ठराव वडिलांच्या सभेने मागे घेतला. सूचना कोणी मांडली असेल, हे त्यांनी मला ओळखायला लावलं. आबांनी मांडली होती. ते म्हणाले होते, त्या पातेल्याची चव अजून माझ्या तोंडातनं गेली न्हाई. मॅडम मग आत्याकडे गेल्या आणि येत्या पहिल्या रविवारी ट्रे तुम्ही घ्या, असं म्हणाल्या. आत्याने नकार दिला.

मी कारण विचारलं.  मॅडम म्हणाल्या, आत्यांचे हात थरथरतात. पाच-सहा महिने झाले, तुम्ही मागे येऊन गेलात त्यानंतर. तयारीसुद्धा आता नर्सबाई करतात, आत्या शेजारी बसून सांगतात. पेले सांडतील, प्रभूच्या टेबलाशी माझं हसं होईल, असं त्यांचं म्हणणं. मग मॅडम निघाल्या तेव्हा आत्या हसून म्हणाल्या होत्या, "माझ्या लेकानं वहीत लिव्हलं हुतं, काही वर्सं थांबा. मी थांबले. हात न्हाई थांबले."

मॅडम म्हणाल्या, त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते मला माहीत होतं. आत्याला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

आत्याशी फोनवर बोलता आलं असतं. पण जे मी हाताने लिहिलं होतं, त्याला उत्तर हातानेच लिहायला हवं असं वाटलं. मॅडमना आणि आबांना फोनवर विचारून घेतलं आणि त्या रात्री मी पत्र लिहिलं. ते असं होतं:

आत्या, तुला सलाम.

हे पत्र तू स्वतः वाच, दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस. डोळे बारीक करावे लागू नयेत म्हणून मोठं लिहितो आहे.

त्या सभेत पाळकसाहेबांनी मला विचारलं होतं. मी हो म्हणालो असतो तर झालं असतं. लोकांची मनं तयार नाहीत असं मी म्हणालो, पण तयार नव्हतो तो मी. तू चहा घेऊन दारात उभी होतीस, तू ऐकलंस, आणि रात्री मला अक्षराबद्दल विचारलंस. अक्षर चांगलं आलं होतं, आत्या. त्या वहीत माझं त्याहून चांगलं अक्षर दुसरीकडे कुठे नाही. त्याची मला लाज वाटते. मला क्षमा कर.

शनिवारी दुपारी देवळात कोणी नसताना तू ट्रे घेऊन चालायचीस, ते मला आठवतं. पेले कधीच डगमगत नव्हते. तू कशासाठी चालायचीस ते मला फार उशिरा कळलं.

आता माझं ऐक. येत्या पहिल्या रविवारी ट्रे तू धरू नकोस. ट्रे मी धरीन. तू माझ्या शेजारून चाल आणि एकेक पेला उचलून माणसांच्या हातात दे. सांडला तर सांडू दे. तो कळकलेला रस ज्यांनी बिनबोभाट गिळला, ती माणसं दोन थेंबांना हसणार नाहीत. मॅडमना मी विचारलं आहे. त्या म्हणाल्या, असंच करा. आबांनाही सांगितलं. त्यांना पहिला पेला तुझ्या हातून हवा आहे.

मी शुक्रवारी दुपारच्या एसटीने निघतो. या वेळी मनुका मी भिजवणार, मीच उकळणार आणि मीच गाळणार. तू पाटावर बसून सांग, चुकलं की बोल. नर्सबाईंना एक दिवस सुट्टी देऊ. इतकी वर्षं तुझ्या हातचं खाल्लं, पण हे एक काम मी कधी शिकलो नाही. ते पुरुषाचं नाही असं मला कोणी सांगितलं नव्हतं, मीच तसं धरून चाललो.

तुझी पांढरी साडी इस्त्री करून ठेव. नाहीतर राहू दे, तीही मी आल्यावर करीन.

आणि पातेलं स्टीलचं आणतो आहे.

तुझा,
लेक