फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी

आज सकाळी माझा भाऊ गेला. चहा सांगितला होता त्यानं. चहा यायच्या आत गेला.

हार्ट अटॅक. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

सकाळपासून फोन चालूच आहेत. सगळे म्हणतात, विलासभाऊ लई काळजी करायचे.

व्हय, करायचा. म्हणून एक गोष्ट सांगते. दादानं स्वतः ती कधी कुणाला सांगितली नाही.

मोबाईल नुकते हातात आले होते तेव्हाची. शिरूरला स्टँडच्या मागं दादाचं कार डेकोरचं दुकान. सीटकव्हर, टेप, स्पीकर. बारावी झाल्यावर मी काउंटरला बसायचे.

तेव्हा अँप्लिफायर आणि सबवुफरचं नुसतं वेड होतं. गाडी लांब असतानाच काचा थरथरायला पाहिजेत!

कवठे येमाईचे एक आप्पा सकाळीच गाडी घेऊन आले. पुतण्याचं लग्न, दौंडला. गाडीत आप्पांची म्हातारी आई, नवरदेवाचा थोरला भाऊ संतोष आणि त्याची चिमुरडी पोरगी.

गाण्याची सिस्टीम दुसऱ्या दुकानात बसवलेली. तक्रार एकच, अँपचा फ्यूज सारखा उडतोय.

दादानं सबवुफरच्या वायरी सोडून बघितल्या. अर्थिंग तपासलं. नवा फ्यूज टाकला. आवाज एकदम खणखणीत.

आप्पा खूश. दादा नाही.

"आप्पा, एक चक्कर मारून येतो."

स्टँडपर्यंत गेला आणि एका खड्ड्यात फ्यूज गेला.

"उभ्या गाडीत जात न्हाई, हादऱ्यानं जातोय. बॅटरीपासनं मागं आलेली वायर कुठंतरी पत्र्याला लागतीया. सीटा काढून बघावं लागंल."

"आरं, मुहूर्त हाय! मोठा फ्यूज टाक आन् मोकळा हो," संतोष म्हणाला.

"मोठा टाकला तर फ्यूज टिकंल, वायर जळंल. आज गाणी नको. उद्या गाडी घेऊन या."

आप्पा मान हलवून गाडीत बसले. संतोष नाराज. गाडी गेली.

थोड्या वेळानं मी चहा आणायला टपरीवर गेले, तर टपरीवाले मामा हसत म्हणाले, "तुमच्या गिऱ्हाइकानं सिगारेटच्या पाकिटातली चांदी मागून नेली. काहीतरी गुंडाळलं बघ बॉनेटमधी. गाणी लावून गेली समदी."

मी पळत आले. दादाला सांगितलं.

त्याचा चेहरा अजून दिसतो मला.

फ्यूज उडाला की करंट बंद. त्यावर गुंडाळलेली चांदी उडत नाही. वायर तापत राहते, आतल्या आत, कार्पेटखाली.

"मी वायरच काढून ठेवायला पाहिजे होती," एवढंच पुटपुटत होता.

आप्पांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

परत लावला. तेच.

"सुरे, शटर वढ."

आम्ही बाईकवर निघालो. न्हावऱ्यामार्गे दौंड. दादा गाडी चालवत होता आणि मी मागं बसून एकसारखी रिडायल करत होते.

"लागला का?"

"न्हाई."

"लागला का?"

पुढं रस्त्याच्या कडेला धूर दिसला. काळा, उंच.

दादानं ब्रेक मारला. त्याला पुढं जायचीच भीती वाटत होती. मग कुणीतरी उसाचं पाचट पेटवलेलं दिसलं. त्यानं परत गाडी दामटली.

दौंडात शिरताना रेल्वे फाटक पडलेलं. मालगाडी. डबे संपता संपेनात. दादा हँडलवर बोटं आपटत होता आणि मी सगळ्या देवांची नावं घेत होते.

विचारत विचारत मंगल कार्यालय गाठलं. समोरच आप्पांची गाडी उभी होती. काचा बंद, एसी चालू, गाणी जोरात. आत म्हातारी आजी, मांडीवर झोपलेली पोरगी.

दादानं दार उघडलं. रबर जळाल्याचा वास आला.

"आजी, आधी उतरा."

"कोन रं तू?"

"उतरा म्हंतो ना!"

मोठ्या माणसाशी इतक्या चढ्या आवाजात बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. मी पोरीला उचललं, आजीला हात दिला. तोवर दादानं बॉनेट उघडून खिशातल्या पान्यानं बॅटरीचा टर्मिनल सोडवला. फ्यूजचा होल्डर वितळला होता. तो ओढताना त्याचा तळवा भाजला.

गाणं थांबलं. संतोष पळत आला. काही न विचारता त्यानं दादाच्या कानाखाली वाजवली.

"लग्नात तमाशा करायला आला व्हय रं?"

दादा तसाच वाकला आणि मधल्या सीटखालचं कार्पेट वर केलं.

सीटच्या बोल्टखाली वायर दबलेली. आजीचे पाय होते तिथंच कार्पेट काळं पडून धुमसत होतं.

आप्पा बघत राहिले. संतोष मटकन खाली बसला आणि माझ्या कडेवरच्या पोरीकडं हात पसरून रडायला लागला.

आजीनं दादाचा भाजलेला हात धरला आणि पाण्याच्या बादलीत बुडवून तशीच उभी राहिली. "लेकरा, जेवल्याबिगर जाऊ नगं."

जेवण कुठलं. दादा कार्यालयामागं गेला. भिंतीला टेकून खाली बसला. मी शेजारी बसले.

"सुरे, फाटक अजून थोडा वेळ पडलेलं राहिलं असतं तर?"

मी त्याच्या भाजलेल्या तळव्यावर फुंकर घालत राहिले.

त्यानंतर दादानं कितीतरी गाड्यांत सिस्टीम बसवल्या. पण गिऱ्हाईक लांब निघालं, की संध्याकाळी फोन ठरलेला. "पोचला का? वास-बिस न्हाई ना आला?"

लोक हसायचे. वहिनी चिडायची. तो करायचाच.

दुपारी घोडनदीच्या काठावर त्याला निरोप द्यायचाय. ज्यांना जमेल त्यांनी या. गाडी सावकाश चालवा.

दादा, नीट जा.

तुझी, सुरेखा