पेवावरचं बिऱ्हाड

त्या जागेला घर म्हणणाऱ्याला एक उन्हाळा तिथे काढायला लावला पाहिजे. मूळची ती धान्याची कोठी. स्वातंत्र्याला आठेक वर्षं झाली होती, पिंपरीला नवा कारखाना निघाला होता आणि माझ्या यजमानांना तिथे नोकरी लागली होती. जवळपास कुठे खोली मिळेना, म्हणून भोसरीतल्या एका शेतकऱ्याची ही कोठी आम्ही भाड्याने घेतली.

मी रत्नागिरीकडची, पडवी आणि खिडक्या असलेल्या घरात वाढलेली. इथे भिंती दोन हात जाड आणि उजेडाला वर एक वीतभर झरोका. दार इतकं बुटकं की यजमानांच्या कपाळावर कायम टेंगूळ असायचं. कारखान्यात लोक त्यांना विचारायचे, घरी सगळं ठीक आहे ना? भिंतींच्या फटींतून जुन्या धान्यातले किडे निघायचे आणि आम्ही जेवायच्या आधी ताटं निवडायचो. दिघीच्या लष्करी रानात तोफा सुटल्या की छताची माती आमटीत पडायची.

मी तक्रार केली की घरमालक शांतपणे ऐकून घ्यायचे. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. म्हणायचे, "कोठी हाय वहिनी ती. मान्सं ऱ्हायला न्हाई बांधली." मग भाड्याने कशाला दिलीत, हे तोंडावर यायचं आणि मी गिळायचे, कारण जागेसाठी आणखी चार जण टपलेले होते.

सगळ्यावर कळस म्हणजे ते पेव. चुलीपासून चार पावलांवर जमिनीत एक दगडी झाकण होतं, शेणामातीने लिंपलेलं. त्याखाली दोन पुरुष खोल खड्डा, तोंडाशी अरुंद आणि आत रांजणासारखा फुगलेला, आणि त्यात मालकांची ज्वारी. जागा देतानाच त्यांनी सांगितलं होतं, "वरचं घर तुमचं, खालचं आमचं." मला ती थट्टा वाटली होती. आमच्याकडे भात कणगीत भरतात, माणसांच्या नजरेसमोर. धान्य पुरून ठेवतात हे मी ऐकलंही नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्याच्या अखेरीला एका सकाळी मालक आणि त्यांचा धाकटा भाऊ पहार घेऊन सरळ घरात आले. माझी चूल पेटलेली, मुलगी नुकती रांगायला लागलेली. त्यांनी झाकण उचकटून बाजूला लोटलं. आतून असा आंबूस, कुबट वास आला की माझं डोकंच धरलं. "सांच्याला येतो. तवर उघडं ऱ्हाऊ द्या," एवढं बोलून दोघे शेतावर निघून गेले.

कशासाठी उघडं ठेवायचं, ते सांगितलं नाही. गावातल्या शेंबड्या पोराला ते ठाऊक होतं, तेव्हा मलाही ठाऊक असणार असं ते धरून चालले. याचा मला अजून संताप येतो. रांगतं मूल घरात, मधोमध माणूस मावेल एवढं भोक, आणि वर म्हणे उघडं राहू द्या. तासभर मी मुलीला कडेवर घेऊन भाकऱ्या थापल्या. मग माझं डोकं फिरलं. पेवाच्या तोंडात मी जुनी गोधडी कोंबली, वर कपड्यांची ट्रंक ओढली आणि मुलीला खाली सोडलं. मालकांची चांगली जिरवली असं वाटून मला बरं वाटलं.

उन्हं कलली आणि अंगणात त्यांचा आवाज आला, तशी मी ट्रंक सरकवली आणि गोधडी काढून बाजूला टाकली. मालकांनी दोराचं एक टोक कमरेला बांधलं, दुसरं भावाच्या हातात दिलं. कंदील पेटवायला काडी ओढली आणि मला विचारलं, "वहिनी, दिसभर उघडंच व्हतं न्हवं?"

मी हो म्हणाले.

खरं सांगितलं तर जागा सोडायला सांगतील, ही भीती होतीच. पण त्याहून खरं हे की त्या माणसापुढे मला नमतं घ्यायचं नव्हतं. त्यांनी काडी विझवली, कंदील तसाच बाजूला ठेवला आणि ज्वारी काढायला आत उतरले.

थोड्या वेळात दोर एकदम जड झाला. भावाने हाक मारली, उत्तर नाही. मुलीला दाराबाहेर ठेवून मीही दोर धरला. आम्ही त्यांना ओढून वर काढलं तेव्हा त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते आणि मान लुळी पडली होती. अंगणात आणून तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. किती वेळाने कोण जाणे, त्यांनी श्वास घेतला आणि भडभडून ओकले.

समोरच्या घरातून त्यांची बायको धावत आली होती. ती दिराला म्हणाली, "कंदील का न्हाई सोडला आत?"

"ह्या वहिनी म्हनल्या, उघडंच व्हतं."

मग मला कळलं. बंद पेवात विषारी हवा साठते. ती जावी म्हणून तोंड दिवसभर उघडं ठेवतात. शंका असली तर आधी कंदील सोडतात, आणि तो विझला तर माणूस उतरत नाही.

"मी झाकलं होतं," मी म्हणाले. "मूल रांगतंय घरात. कशाला उघडं ठेवायचं, हे मला कुणी सांगितलं का?" माझा आवाज चढला होता.

"न्हाई सांगितलं. चुकलंच आमचं," ती म्हणाली. नवऱ्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. "पन त्यांनी इचारलं, तवा?"

मी दाराशी ठेवलेल्या मुलीला उचलून कडेवर घेतलं.

आम्ही तिथे आणखी दोन वर्षं काढली. जागा सोडा असं कुणी म्हणालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पेव उघडलं त्या दिवशी मी मुलीला मालकांच्याच घरी ठेवलं आणि स्वतः सकाळपासून पेवापाशी बसून राहिले. संध्याकाळी मालक आले. त्यांनी काही विचारायच्या आतच मी सांगितलं, "भाऊ, दिवसभर उघडं आहे. मी इथून हललेली नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि कंदील पेटवून आत सोडला.