शेवटचं एकत्र कुठं राहिलो

आमचं लग्न माझ्या गावात लागलं असतं, तर पुढची बरीच पायपीट वाचली असती. पण ते दुष्काळाचं वर्ष होतं. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या आमच्या ईट गावातल्या विहिरींचे तळ उघडे पडले होते. वडील मुलाकडच्यांना म्हणाले, "पोरगी देतो, पाहुणे, पण वऱ्हाडाला पाणी पाजायची ताकद न्हाय आमची." मुलगा सांगलीत सूतगिरणीत कामाला होता. तिथं नदी होती. म्हणून आम्हीच मोजकी माणसं एसटीनं तिकडं गेलो आणि त्याच्या खोलीपुढच्या अंगणात बुद्धवंदना होऊन लग्न लागलं.

पुढं मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, आमच्याच जिल्ह्यात मुरूमला. तो तिकडं, मी इकडं. काही वर्षं सुट्ट्यांत येणंजाणं राहिलं, मग त्याचं येणं थांबलं. मी गेले तर दारातच उभा राहिला. आत दुसऱ्या बाईचं लुगडं वाळत होतं. "तुझं तिकडं बरं चाललंय की," एवढंच बोलला. त्यानंतर दोन वर्षं उलटून गेल्यावर मी उस्मानाबादला एका वकिलाकडं गेले.

त्यांनी पहिल्यांदा भांडण विचारलंच नाही. "लग्न कुठं लागलं?"

"सांगलीत."

"नवरा सध्या कुठं राहतो?"

"तिथंच."

"मग अर्ज तिथल्याच कोर्टात करावा लागंल."

"पण मी मुरूमला राहते."

"बायको कुठं राहते हे कायदा विचारत न्हाय, बाई. लग्न कुठं लागलं, समोरचा कुठं राहतो आणि नवराबायको शेवटचे एकत्र कुठं राहिले, एवढंच बघतो."

तेव्हा कायदा तसाच होता; बायकोला आपल्या गावी अर्ज करायची सोय पुढं झाली. सांगली म्हणजे प्रत्येक तारखेला रजा, सोलापूरला गाडी बदलणं, परक्या गावात मुक्काम कुणाकडं. मी खुर्चीवरून उठले, खिडकीशी गेले, परत आले. वकील शांतपणे म्हणाले, "बसा. शेवटचे एकत्र कुठं राहिलात ते सांगा."

मी म्हणाले, "मुरूमला."

त्याचं येणं थांबायच्या आधीच्या दिवाळीला त्याची गिरणी बंद पडली होती. तो पेटी आणि वळकटी घेऊन माझ्या खोलीवर आला आणि उन्हाळा लागेपर्यंत राहिला. बाजारात एका आडत दुकानात तुरीची पोती मापायला जाऊ लागला. मोरीला आडोसा नव्हता, तर गोणपाटं शिवून टांगली. मी शाळेतून यायच्या आधी भाकरी थापून ठेवायचा, काठाला जाड, मधे करपलेल्या. गिरणी सुरू झाल्याचा निरोप आला तेव्हा त्यानं पेटी भरायलाच दोन दिवस लावले होते.

हे सगळं मी वकिलांना सांगितलं. संसार मोडायचा अर्ज द्यायला आले होते आणि तो कधी धड चालला होता, हेच आधी सिद्ध करायचं होतं.

अर्ज उस्मानाबादच्या कोर्टात दाखल झाला. सांगलीहून त्याच्या वकिलामार्फत उत्तर आलं: या कोर्टाची हद्दच लागत नाही. मुरूमला तो फक्त पाहुणा म्हणून गेला होता.

पाहुणा. दुसऱ्या बाईचं कळलं तेव्हा मी रडले होते, पण या शब्दानं मला बसू दिलं नाही. फळ्यावर लिहिता लिहिता खडू मोडायचा. घरी आले की पाय खोलीत ठरायचे नाहीत. बाजारापर्यंत जायचे, त्या आडत दुकानाच्या अलीकडूनच वळायचे. तारखेच्या दिवशी तुळजापूरला गाडी प्रवासी घ्यायला थांबली, तर मी खाली उतरून उगाच फेऱ्या मारत राहिले. कंडक्टरनं दोनदा हाक मारली.

कोर्टात तो पिंजऱ्यात उभा राहिला. हडकला होता. माझ्या वकिलांनी विचारलं, "मुरूमला जाताना बरोबर काय नेलं होतं?"

"पेटी. वळकटी."

"परत कधी निघायचं ठरलं होतं?"

"ठरलं नव्हतं."

"पाहुणा म्हणून गेला होता का?"

तो माझ्याकडं बघायला लागला. त्याचे वकील उठायला लागले, तर न्यायाधीशांनी हातानंच त्यांना बसवलं.

"न्हाय," तो म्हणाला. "राहायलाच गेलतो."

बाहेर आल्यावर तो माझ्यापाशी आला. "वकिलानं लिहिलं होतं ते. माझ्या मनात नव्हतं."

"वाचून सही केली होती ना तुम्ही?"

"केली होती."

तो चहा घेतेस का म्हणाला, मी नको म्हणाले. तेवढ्यात माझ्या वकिलांनी हाक मारली.

पुढच्या तारखेला हद्दीचा निकाल मिळाला: प्रकरण इथंच चालेल. वकील खूश होते. "आता खरी सुरुवात," म्हणाले. मी मान हलवली. म्हणजे इतके महिने आम्ही नुसते उंबऱ्यातच उभे होतो.

घटस्फोट व्हायला पुढं आणखी बराच काळ गेला. त्यानं फारसा विरोध केला नाही, एकदोन तारखांना आलाही नाही. पण त्या दिवशी हद्दीचा निकाल ऐकून मी मुरूमला परतले आणि खोलीत काही केल्या मन लागेना. मोरीचं गोणपाट केव्हाच सडून गेलं होतं, तिथं आता पत्रा होता. मी कुलूप लावलं आणि शाळेच्या मैदानावर जाऊन अंधार पडेपर्यंत चालत राहिले.